एकाच आद्याक्षरांचे दोन कोबाल्ट ऑक्साइड: लँथॅनमचा आणि लिथियमचा

लँथॅनम कोबाल्ट ऑक्साइड आणि लिथियम कोबाल्ट ऑक्साइड या दोन्ही पदार्थांसाठी संशोधन-साहित्यात ‘एलसीओ’ हेच संक्षिप्त रूप वापरले जाते. दोन्ही काळ्या भुकट्या आहेत, दोन्हींत कोबाल्ट +३ या अवस्थेत असतो आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे सहा अणू अष्टफलकाच्या आकारात बसलेले असतात. पण लँथॅनमचा पदार्थ मुख्यतः उत्प्रेरक (रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) म्हणून अभ्यासला जातो, तर लिथियमचा बॅटरीत वापरला जातो. त्यामुळे उत्प्रेरकाची माहिती शोधणाऱ्याच्या हाती बॅटरीचे आकडे पडतात आणि घनता, चालकता किंवा तापसहनशीलता एका पदार्थाची व नाव दुसऱ्याचे, असा घोळ होतो. तो टाळायचा असेल तर प्रत्येक पदार्थात कोणता अणू हलतो हे आधी पाहावे. बाकीचे बहुतेक फरक तेथूनच निघतात.

लँथॅनमच्या ऑक्साइडमध्ये एका लँथॅनममागे एक कोबाल्ट आणि तीन ऑक्सिजन असतात, आणि त्याची रचना पेरोव्स्काइट प्रकारची असते. कोबाल्टचे अष्टफलक एकमेकांना कोपऱ्यांत जोडलेले असतात आणि त्यांच्यामधल्या मोठ्या पोकळीत लँथॅनम घट्ट बसलेला असतो. तो हलत नाही. लिथियमच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन दोनच असतात, अष्टफलक कडांनी जोडले जाऊन त्यांचे सपाट थर बनतात आणि दोन थरांच्या मधून लिथियमचे आयन आत-बाहेर सरकू शकतात. शिवाय लँथॅनम हे दुर्मिळ मृदा गटातले मूलद्रव्य आहे, लिथियम नाही.

लिथियमवाल्याचे काम सर्वपरिचित आहे. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कॅथोड, म्हणजे बॅटरीचे धन अग्र, म्हणून पुढे आणला आणि १९९१ मध्ये सोनीने त्यावर आधारलेली बॅटरी बाजारात आणली. सारे लिथियम काढता आले तर त्याची क्षमता ग्रॅममागे सुमारे २७४ मिलीअँपिअर-तास भरते. पण निम्म्याच्या पलीकडे लिथियम काढले की थरांची रचना डळमळू लागते, म्हणून नेहमीच्या वापरात १४० च्या आसपासच समाधान मानावे लागते.

लँथॅनमवाल्यात हलतो तो ऑक्सिजन. तापवल्यावर पृष्ठभागावरचा व जालकातला, म्हणजे स्फटिकाच्या आतल्या मांडणीतला, थोडा ऑक्सिजन निघून जातो, त्याच्या जागा रिकाम्या राहतात आणि हवेतला ऑक्सिजन त्या पुन्हा भरतो. उत्प्रेरक म्हणून त्याची किंमत या देवघेवीत आहे. मात्र प्रत्येक अभिक्रियेत जालकातलाच ऑक्सिजन खर्ची पडतो असे मानू नये. कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणात कमी तापमानाला पृष्ठभागावर चिकटलेला ऑक्सिजनच बहुतांश काम करतो. मिथेनसारखा सहजी न जळणारा वायू असला आणि तापमान चढे असले, की जालकातल्या ऑक्सिजनची पाळी येते. लँथॅनमच्या काही जागी स्ट्रॉन्शियम घातले तर भार +३ ऐवजी +२ होतो, आणि तो तोल राखण्यासाठी एकतर काही कोबाल्ट +४ कडे जातो किंवा ऑक्सिजनच्या आणखी जागा रिकाम्या होतात. दोन्ही गोष्टी सहसा उत्प्रेरकाच्या पथ्यावर पडतात.

कार्बन-१४ कालमापनासाठी १९६० चे नोबेल मिळवणारे विलार्ड लिबी यांनी १९७१ मध्येच दुर्मिळ मृदा कोबाल्ट ऑक्साइड मोटारींच्या धुरासाठी सुचवले होते. आशा मोठी होती, पण इंधनातले गंधक आडवे आले: सल्फर डायऑक्साइडमुळे लँथॅनमचे सल्फेट तयार होते आणि उत्प्रेरक निकामी होत जातो. प्लॅटिनमला स्वस्त पर्याय म्हणून या पदार्थाचे कौतुक वाचताना चाचणीच्या वायूत गंधक होते की नाही, हे मी आधी पाहतो. २०१० मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्ट्रॉन्शियमयुक्त प्रकार डिझेलच्या कृत्रिम धुरात नायट्रिक ऑक्साइडचे ऑक्सिडीकरण प्लॅटिनमच्या तोडीने करतो हे दाखवले, तेव्हा विषय पुन्हा चर्चेत आला. पाण्याच्या विद्युत्-विघटनात ऑक्सिजन सोडवण्यासाठीही तो अभ्यासला जातो. अर्थात त्या कामासाठी लिथियमवालाही तपासला गेला आहे, आणि गोंधळात भर पडली ती तेथे.

ऑक्सिजनचे हे निघून जाणे एकाचा गुण आणि दुसऱ्याचा दोष ठरते. भरपूर चार्ज झालेला, म्हणजे लिथियम कमी उरलेला, बॅटरीतला पदार्थ सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला तर ऑक्सिजन सोडतो. शेजारी ज्वलनशील द्रावण असल्याने आग भडकू शकते. लँथॅनमवाला हायड्रोजनमध्ये मुद्दाम तापवून पूर्ण मोडलाही जातो. कोबाल्ट आधी +२ वर आणि मग धातुरूपात येतो, आणि लँथॅनम ऑक्साइडवर विखुरलेले बारीक धातुकण हाती लागतात. मिथेन किंवा इथेनॉलपासून हायड्रोजन मिळवण्याच्या अभिक्रियांत हेच कण उपयोगी पडतात.

बनवतानाही दक्षता वेगवेगळी लागते. लँथॅनम ऑक्साइड हवेतली वाफ व कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. तो आधी ९०० ते १००० अंशांवर तापवून न घेता वजन केला, तर लँथॅनम कमी पडतो आणि उत्पादनात वेगळा कोबाल्ट ऑक्साइड उरतो. तोही काळा असल्याने डोळ्यांना कळत नाही आणि स्वतः चांगला उत्प्रेरक असल्याने निष्कर्षच बिघडवतो. उत्प्रेरकाला क्षेत्रफळ हवे असते, आणि जास्त तापवले तर कण एकमेकांना चिकटून ते घटते, म्हणून सायट्रिक आम्ल वापरणाऱ्या सायट्रेट पद्धतीने ६०० ते ७०० अंशांवर काम भागवतात. लिथियमवाल्यात उलट, भट्टीत लिथियम उडून जाते म्हणून ते किंचित जास्त घालावे लागते.

बाटलीवर नुसते ‘एलसीओ’ लिहिलेले असेल, तर तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांनी विवर्तन काढावे, म्हणजे भुकटीतून किरण कोणत्या कोनांत वळतात ते मोजावे. लिथियमवाल्याचे ठळक शिखर १९ अंशांच्या जरा अलीकडे येते. लँथॅनमवाल्याचे ३३ अंशांच्या आसपास, आणि भुकटी नीट स्फटिकरूप असेल तर ते दोन जवळजवळच्या शिखरांत फुटलेले दिसते. रासायनिक पृथक्करणात कोबाल्टचे वजनी प्रमाण लिथियमवाल्यात सुमारे ६० टक्के आणि लँथॅनमवाल्यात २४ टक्केच भरते.