क्रमागत पूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे

लगतच्या दोहोंत १ चा फरक असलेल्या, ओळीने येणाऱ्या पूर्णांकांना क्रमागत पूर्णांक म्हणतात, उदा., ७, ८, ९ किंवा −२, −१, ०. त्यांची बेरीज किंवा गुणाकार देऊन संख्या शोधायला सांगणारी उदाहरणे बीजगणितात नेहमी येतात. संख्या कितीही असोत, चल एकच पुरते; एक संख्या ठरली की बाकीच्या आपोआप ठरतात.

रूढ पद्धतीत सर्वांत लहान संख्या क्ष मानतात. तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज ८४ असेल, तर क्ष + (क्ष + १) + (क्ष + २) = ८४, म्हणजे ३क्ष + ३ = ८४; संख्या २७, २८, २९. पण लहान संख्येपासूनच सुरुवात करण्याचा हट्ट नको. मधली संख्या म मानली, तर (म − १) + म + (म + १) मधले −१ आणि +१ एकमेकांना रद्द करतात आणि थेट ३म = ८४ उरते. गुणाकारात ही मांडणी खरी खुलते. दोन क्रमागत विषम संख्यांचा (म्हणजे २ चा फरक असलेल्या, क्ष आणि क्ष + २ यांचा) गुणाकार ३२३ असेल, तर क्ष² + २क्ष − ३२३ = ० याचे अवयव शोधत बसावे लागते. त्याऐवजी दोहोंमधली सम संख्या म घ्यावी: (म − १)(म + १) = म² − १ = ३२३, म्हणून म = ±१८. उत्तरे दोन: १७, १९ आणि −१९, −१७. दुसरी जोडी हमखास विसरली जाते. प्रश्नात ‘नैसर्गिक’ किंवा ‘धन’ असे म्हटले असेल तरच ती सोडावी.

क्रमागत सम असोत वा विषम, दोन्हींची मांडणी क्ष, क्ष + २, क्ष + ४ हीच. विषम संख्यांसाठी क्ष + १, क्ष + ३ लिहिणे ही फार आढळणारी चूक आहे. क्ष विषम असेल तर क्ष + १ सम होते. आपल्याला सम संख्या हव्या आहेत हे समीकरणाला ठाऊक नसते, म्हणून ताळा आवश्यक. तीन क्रमागत सम संख्यांची बेरीज ४५ मानली तर समीकरण निमूटपणे १३, १५, १७ देते. बेरीज जुळते, पण संख्या विषम निघाल्या. तेव्हा अशा सम संख्या नाहीत, हेच उत्तर.

चार क्रमागत पूर्णांकांच्या गुणाकारात १ मिळवला की नेहमी पूर्ण वर्ग येतो: ३ × ४ × ५ × ६ + १ = ३६१ = १९². नुसता गुणाकार मात्र तसा नसतो. दोन किंवा अधिक क्रमागत धन पूर्णांकांचा गुणाकार कोणत्याही पूर्णांकाचा वर्ग, घन किंवा त्यावरचा घात असूच शकत नाही, हे गणितज्ञ पॉल एर्डोश व जॉन सेल्फ्रिज यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले.