गिरिक आणि सर्टिफिकेट: जावातल्या खेड्यात जमीन नेमकी कुणाची?

माझ्या सासऱ्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक लाल पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं कधीच नसतात. इंडोनेशियाच्या जावा बेटावरच्या बहुतेक घरांत असा डबा एकतर तांदळाच्या पापड्यांसाठी असतो, नाहीतर कागदांसाठी. आमच्याकडे कागदांसाठी आहे. लग्न होऊन मध्य जावातल्या बान्युमासकडच्या या खेड्यात आले त्या वर्षी बापाकांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यातून पिवळट पडलेला, घड्यांवर विरलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "म्बाक, हे आपलं सावाह." म्बाक म्हणजे ताई, सावाह म्हणजे भातखाचर. कागदावर जुन्या डच वळणाच्या स्पेलिंगमध्ये पणजोबांचं नाव होतं. क्षेत्र होतं, वर्ग होता. नकाशा नव्हता, चतुःसीमा नव्हत्या.

तो कागद म्हणजे गिरिक. कुणी त्याला 'लेटर सी' म्हणतं, पूर्व जावात पेतोक म्हणतात, बालीत पिपिल. शेजारच्या घरात हिरव्या कव्हरचं, वर गरुडाची मुद्रा असलेलं पुस्तक होतं. ते 'सर्तिफिकात हाक मिलिक', मालकी हक्काचं सर्टिफिकेट. गावात विचारलं तर दोन्हीकडचे लोक "जमीन माझ्या नावावर आहे" असंच सांगतात. कायद्याच्या नजरेत मात्र या दोन वाक्यांत फार अंतर आहे. ते न कळल्यामुळे पैसे बुडालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

मराठी माणसाला हा फरक समजायला सोपा आहे, कारण आपल्याकडे सातबारा आहे. सातबाऱ्यावर नाव लागलं की आपण स्वतःला मालक समजतो, पण तो मुळात महसुलाचा दाखला आहे आणि निव्वळ त्यावरून मालकी ठरत नाही, हे आपली न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. गिरिकही त्याच जातीचं. १८११ ते १८१६ या काळात जावा इंग्रजांकडे होतं. तेव्हा इथला इंग्रज कारभारी रॅफल्स याने जमीनसारा लावला, तो हिंदुस्थानातल्या इंग्रजी महसूल पद्धती डोळ्यांपुढे ठेवून. डच परत आल्यावरही साऱ्याची वही गावात राहिली. त्या वहीत कुणाकडून किती सारा घ्यायचा याची नोंद असे, आणि सारा भरणाऱ्याच्या हातात पडे तो कागद गिरिक. म्हणजे गिरिक सांगतं की या तुकड्याचा कर अमुक माणूस भरत होता. तो मालक होता की कसणारा, की कुणाच्या वतीने भरणारा भाऊ, हे ते सांगत नाही. इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६० सालीच म्हटलं आहे की साऱ्याच्या कागदावर नाव असणं हा मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे.

गिरिक वाचायचं कसं, हे मला गावच्या चारिकनी शिकवलं. चारिक म्हणजे ग्रामपंचायतीचा सचिव. मूळ वही त्यांच्या ताब्यात असते. 'एस' असेल तर सावाह, 'डी' असेल तर दारात, म्हणजे कोरडी जमीन किंवा घराची जागा, आणि पुढचा आकडा प्रतीचा. आमच्या बाजूला माप उबिनमध्ये सांगतात. एक उबिन साधारण १४ चौरस मीटर, तेव्हा १०० उबिनचं खाचर म्हणजे जेमतेम १४ गुंठे. जावातल्या असंख्य कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी जमीन आहे. वहीत एका नावावर काट मारून दुसरं लिहिलेलं असतं, बाजूला 'वारस' किंवा 'विक्री' असा शेरा असतो. त्या काटाकाटीतच घराण्यांचे इतिहास आहेत, आणि भांडणंही.

सर्टिफिकेटचा उगम वेगळा. २४ सप्टेंबर १९६०ला मूलभूत शेतजमीन कायदा आला आणि सगळ्या जमिनीची नोंदणी सरकार करेल असं त्यात म्हटलं. जमिनीवरचे हक्क त्याने नव्याने बांधले. हाक मिलिक हा त्यातला सर्वांत बळकट, वंशपरंपरेने चालणारा हक्क. सर्टिफिकेट गावात मिळत नाही. ते राष्ट्रीय भूमी संस्थेचं जिल्हा कार्यालय देतं आणि त्याआधी मोजणी होते. मोजणीदार यंत्र घेऊन येतो, चारी बाजूंचे शेजारी बांधावर उभे राहतात, हद्द दाखवतात आणि सह्या करतात. आमच्याकडे हद्दीवर हांजुआंग लावतात, लाल पानांचं उंच झुडूप. मोजणीच्या दिवशी बापाक एकेका झुडपाला हात लावून सांगत होते, "हे माझ्या वडिलांनी लावलं." शेजारच्या काकांचं म्हणणं होतं की एक झुडूप १९९०च्या दशकात पुरात वाहून गेलं आणि नंतर हातभर आत लागलं. तासभर बोलणं झालं, चहा झाला, झुडूप हातभर बाहेर गेलं. गिरिकवर हा प्रश्न कधी उठलाच नसता, कारण त्यावर हद्दच नाही.

सर्टिफिकेटही शंभर टक्के अभेद्य नाही. १९९७च्या नियमानुसार तो 'बळकट पुरावा' आहे. कुणी सद्‌हेतूने जमीन घेतली, ती खरोखर ताब्यात ठेवली आणि सर्टिफिकेट निघून पाच वर्षं झाली, तर त्यानंतर दावा सांगता येत नाही. त्याआधी येतो. तरीही कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम आहे. घ्यायची असेल तर सर्टिफिकेटची जमीन घ्या, आणि आपल्याकडे गिरिक असेल तर नोंदणी करून घ्या.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा कागद लुडबुडतो, तो दरवर्षीच्या मालमत्ता कराच्या मागणीचा. १९८५च्या कायद्याने नवा कर आला आणि गिरिक द्यायचं बंद झालं. आता ग्रामपंचायतीची माणसं घरोघर कराचा कागद वाटतात. 'हा मालकीचा पुरावा नाही' असं त्यावर छापलेलं असतं, तरी लोक तोच दाखवून जमीन विकतात.

विक्रीतच दोन्हींमधला फरक खऱ्या अर्थाने बोचतो. सर्टिफिकेटच्या जमिनीचा व्यवहार जमीन-दस्त करणाऱ्या अधिकृत अधिकाऱ्यापुढे होतो. खेड्यात पुष्कळदा चामात, म्हणजे तालुक्याचा प्रमुख, ते काम करतो. विकणारा २.५ टक्के आयकर भरतो, घेणाऱ्याला ५ टक्क्यांपर्यंत कर पडतो. खर्च वाचवायला लोक गिरिकच्या जमिनीचा व्यवहार 'हाताखाली' करतात. साध्या पावतीवर १० हजार रुपियाचं मुद्रांक तिकीट, दोन साक्षीदार, गावप्रमुखाचा शिक्का, झालं. साक्षीदार हयात आहेत तोवर सगळं सुरळीत चालतं. पण ते गेले आणि विकणाऱ्याची मुलं जकार्ताहून परत आली की त्यांना आजोबांचं नाव असलेलं गिरिक सापडतं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी मलेशियात घरकाम करून साठवलेल्या पैशांतून असा तुकडा घेतला होता. त्यांना त्याच जमिनीसाठी वारसांना दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागले.

२०१७पासून सरकारने गावच्या गाव एकदम मोजायला घेतलं. त्याआधी देशातल्या सुमारे १२.६ कोटी तुकड्यांपैकी ४.६ कोटींनाच सर्टिफिकेट होतं. या मोहिमेत जावा-बालीत गावपातळीवरच्या तयारीचा खर्च तुकड्यामागे १ लाख ५० हजार रुपिया ठरवून दिला गेला. एरवीच्या खर्चापुढे हे काहीच नाही. २०२१च्या नियमाने मुदतही घातली. गिरिकसारखे जुने कागद पाच वर्षांत, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६पर्यंत नोंदवायचे, त्यानंतर ते पुरावा न राहता फक्त 'निर्देश' ठरतात. यावरून गावात घबराट उडाली होती की सरकार जमीन काढून घेणार. तसं नाही. जमीन तुमची असेल तर तुमचीच राहते आणि मुदतीनंतरही नोंदणी होते. पण तेव्हा कागदापेक्षा प्रत्यक्ष ताबा, शेजाऱ्यांची साक्ष आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांवर जास्त भिस्त असते.

सर्टिफिकेटची एक बाजू मला मनापासून काळजीत टाकते. गिरिकवर बँक सहसा कर्ज देत नाही, सर्टिफिकेटवर देते. इथे त्याला म्हणतात 'सर्टिफिकेट शाळेत घातलं', म्हणजे बँकेत गहाण ठेवलं. मुलाचं तैवानला जाणं, मोटारसायकल, लग्नाचा हाजात म्हणजे समारंभ, सगळ्यासाठी हिरवं पुस्तक शाळेत जातं. ज्यांची पीकपाण्याशिवाय मिळकत आहे त्यांचं परत येतं. अर्धेलीने, म्हणजे इथल्या भाषेत 'मारो'ने, दुसऱ्याचं खाचर कसणाऱ्यांना हप्ता जड जातो. बायकांनी तरी पुस्तक कुठे आहे हे दर सणाला विचारावं, असं मी अरिसानच्या, म्हणजे आमच्या भिशीच्या बैठकीत सांगत असते.

आता माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे इथे लग्न केलेल्या किंवा बालीत 'छोटी जागा' बघणाऱ्या मराठी लोकांसाठी. हाक मिलिक फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाने गिरिकची जमीन 'गावातल्या ओळखीने' घेतली काय किंवा ड्रायव्हरच्या नावावर सर्टिफिकेट काढलं काय, कायद्यापुढे दोन्ही फोल आहे. परदेशी व्यक्तीला मुदतीच्या वापराचा हक्क आहे, तोही घरापुरता. खाचराचं नाव काढू नका. नवऱ्याला वारशाने आलेली जमीन १९७४च्या विवाह कायद्याप्रमाणे त्याची एकट्याची राहते. लग्नानंतर नवी घ्यायची तर मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार हवा. २०१६च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर तो लग्न झाल्यावरही करता येतो. आम्ही केला. नवऱ्याच्या मागे मला वाटा आला तर तो वर्षाच्या आत सोडावा लागेल, हे मी ठाऊक असूनच इथे भात लावते.

ज्यांना खेड्यात जमीन घ्यायचीच आहे त्यांनी आधी चारिककडे जाऊन लेटर सीची वही पाहावी, शेवटची काट कुणाची आहे ते वाचावं. मग सर्टिफिकेट असल्यास जिल्हा कार्यालयात त्यावर बोजा किंवा दावा आहे का ते तपासावं. आणि एकदा पहाटे, लोक खाचरात असताना, बांधावरून चालत चारी शेजाऱ्यांशी बोलावं.

आमच्या मोठ्या खाचराचं सर्टिफिकेट आलं. मूळ गिरिक कार्यालयात जमा झालं, डब्यात त्याची झेरॉक्स आहे. विहिरीकडचा ४० उबिनचा तुकडा अजून पणजोबांच्याच नावावर आहे, कारण दोन चुलतसासरे पन्नास वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर लाम्पुंगला गेले आणि त्यांच्या मुलांच्या सह्या हव्यात. त्या मुलांपैकी एक पुढच्या लेबारानला, म्हणजे ईदला, येतो म्हणाले आहेत. चारिकनी अर्ज भरून ठेवला आहे.