हळू पळणाऱ्याच्या शरीरात नेमकं काय चाललेलं असतं

माझी पहिली दहा किलोमीटरची रेस मी १ तास ३४ मिनिटांत संपवली. पोचले तेव्हा फिनिशच्या कमानीतली हवा काढायला घेतली होती, केळी संपलेली, आणि मेडल एका खोक्यात शोधून कुणीतरी हातात दिलं. रिक्षात बसून घरी येताना एवढंच डोक्यात होतं की हे आपल्याला जमण्यातलं नाही, परत नाव द्यायचं नाही. त्याला आता सहा वर्षं झाली. आजही मी मागच्याच घोळक्यात असते आणि पुण्यात तळजाईच्या टेकडीवर रविवारी आमच्या रनिंग ग्रुपमध्ये जे नवीन लोक येतात ते दोन-तीन महिन्यांनी हमखास विचारतात, "ताई, टायमिंग काही हलतच नाहीये, सोडून देऊ का?"

या प्रश्नाला नुसतं 'हिंमत ठेव' म्हणणं मला पटत नाही, कारण त्या माणसाच्या शरीरात त्या तीन महिन्यांत प्रचंड काही घडलेलं असतं, फक्त ते मनगटावरच्या घड्याळात दिसत नाही.

सगळ्यात आधी बदलतं रक्त. पळायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग म्हणजे प्लाझ्मा वाढतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि त्याच वेगाला ठोके कमी लागतात. नवीन माणसाला जे 'अरे, आज जिना चढताना दम नाही लागला' असं वाटतं त्यात याचा मोठा वाटा असतो. मग नंबर येतो स्नायूंचा. शाळेत आपण तंतुकणिका म्हणून शिकलो ते मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली वीजघरं म्हणा ना, ती व्यायामाने वाढतात हे जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांवर दाखवलं, काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत ऑक्सिजन वापरायची ताकद जवळपास दुप्पट झाली होती. स्नायूंच्या आजूबाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंही दाट होत जातं, त्याला आणखी आठवडे लागतात. आणि सगळ्यात सावकाश चालतं ते हाडांचं आणि स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांचं काम, टाचेमागची जाड कंडरा, गुडघ्याखालची कंडरा, नडगीचं हाड. कंडरांना रक्तपुरवठा कमी, आणि हाडाचा एक छोटासा भाग काढून नव्याने भरायलाच तीन-चार महिने जातात.

म्हणजे एकाच शरीरात दहा दिवसांचं, तीन महिन्यांचं आणि वर्षभराचं अशी वेगवेगळी वेळापत्रकं एकाच वेळी चालू असतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात दम कमी लागायला लागतो, माणूस खुशीत येऊन वेग वाढवतो आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते. आमच्याकडे जे लोक सोडून गेले त्यातले बरेच याच टप्प्यावर गेले, आळस म्हणून नाही, दुखणं काढून. पळताना प्रत्येक पाऊल पडतं तेव्हा जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर परत येतो आणि पाच किलोमीटरमध्ये अशी सहा-सात हजार पावलं पडतात, तर हाडांना वेळ द्यायलाच पाहिजे ना.

आता दुसरी गोष्ट, जी मला फार आधी कुणीतरी सांगायला हवी होती. एकाच ग्रुपमध्ये एकाच दिवशी सुरू केलेल्या दोघींपैकी एक चार महिन्यांत सुसाट सुटते आणि दुसरी तिथेच राहते, हे का होतं? क्लॉद बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडात हेरिटेज नावाचा मोठा अभ्यास केला, त्यात कुटुंबंच्या कुटुंबं घेतली आणि सगळ्यांना २० आठवडे सायकलवर सारखाच व्यायाम दिला. १९९९ मध्ये जे निकाल आले त्यात शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलीलिटरने वाढली होती, पण सरासरीच्या आत बघितलं तर काहींची अजिबात वाढली नव्हती आणि काहींची एक लिटरपेक्षा जास्त वाढली होती! आणि हा फरक घराण्याघराण्यात दिसत होता, जवळपास निम्मा फरक आनुवंशिक असावा असा त्यांचा हिशोब निघाला. सारखीच मेहनत केलेली माणसं, आणि फळ एवढं वेगळं.

हे वाचून मला आधी वाईट वाटलं होतं, की झालं, आपण त्या न वाढणाऱ्यांतले. पण २०१७ मध्ये मोंतेरो आणि लुंडबी यांचा अभ्यास आला. त्यांनी ७८ निरोगी लोकांचे पाच गट केले, आठवड्यात एक तासापासून पाच तासांपर्यंत व्यायाम, सहा आठवडे. एक तास करणाऱ्या गटात दहापैकी जवळपास सात जणांत काहीच फरक दिसला नाही, पण चार आणि पाच तासवाल्या गटांत फरक न पडलेला एकही माणूस नव्हता. मग ज्यांच्यात फरक पडला नव्हता त्यांना आणखी सहा आठवडे, आठवड्याला दोन तास वाढवून दिले आणि त्या सगळ्यांच्यात सुधारणा झाली. सगळ्यांच्यात! मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. काही शरीरांना डोस जास्त लागतो, एवढंच आहे. पण आठवड्याला चार तास व्यायाम म्हटल्यावर तो कुठल्या वेगाने केला तर माणूस टिकेल, हा प्रश्न येतो, आणि हळू पळण्याचं सगळं महत्त्व इथेच आहे.

पळून झाल्यावर छान वाटतं ते एंडॉर्फिन नावाच्या शरीरातल्या द्रव्यामुळे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही, मेंदूभोवतीची गाळणी त्याला अडवते. दुसरं एक द्रव्य आहे ते मात्र सहज आत जातं आणि त्याचं नाव ऐकून आपल्याला घरचं वाटेल, अनंदमाइड. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं आणि शोधणाऱ्यांनी आपल्या संस्कृतमधला 'आनंद' घेऊन नाव ठेवलं. अमेरिकेत धावपटूंना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या जोराने पळवून रक्त तपासलं तेव्हा हे द्रव्य मध्यम जोराच्या पळण्यात ठळकपणे वाढलेलं दिसलं, अगदी निवांत चालण्यात नाही आणि जीव तोडून पळण्यातही नाही.

पँटेलेमॉन एक्केकाकिस नावाचे संशोधक आहेत, व्यायाम करता करता माणसाला कसं वाटतं याचाच त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केलाय. त्यांच्या म्हणण्याचं सार असं की धाप लागायची एक रेषा असते, तिच्या खाली बऱ्याच जणांना बरं वाटतं, तिच्या वर गेलं की जवळपास सगळ्यांनाच वाईट वाटायला लागतं. आणि व्यायामाची आठवण वाईट असेल तर माणूस परत येत नाही, सरळ आहे. नवीन माणसाची ही रेषा खूप खाली असते, कधीकधी भरभर चालण्यातच ती ओलांडली जाते. तो दुसऱ्यांच्या वेगाने पळतो, सगळा वेळ त्या रेषेच्या वर असतो आणि मग म्हणतो मला रनिंग आवडत नाही. अहो, तुम्हाला तुमच्या वेगाचं रनिंग अजून भेटलेलंच नाही.

रेषा शोधायला मशीन लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतायत पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. वाक्य मध्येच तुटायला लागलं की चालायचं. चालण्यात कमीपणा काही नाही, जेफ गॅलोवे हे १९७२ च्या ऑलिंपिकला पळालेले धावपटू, त्यांनी नवीन लोकांना ठरवून पळा-चाला-पळा असंच शिकवलं. मी सुरुवातीला दोन मिनिटं पळणं एक मिनिट चालणं असं करायचे, अजूनही चढावर करते. आणि खर्च होणाऱ्या ऊर्जेचं म्हणाल तर पळताना ती किलोमीटरमागे वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण एक कॅलरी पडते, वेगाने त्यात फार फरक पडत नाही, म्हणजे ६५ किलोच्या बाईने दहा किलोमीटर ५० मिनिटांत केले काय आणि दीड तासात केले काय, जवळपास तेवढंच इंधन जळतं.

मग एकटीने टेकडीवर हळूहळू पळावं की, इव्हेंटला कशाला जायचं, जिथे मागे पडल्याचं दिसतं? कारण माणसांचा परिणाम होतो, आणि हे फार जुनं निरीक्षण आहे. नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी तपासून दाखवलं की सोबत कुणी असेल तर माणूस एकट्यापेक्षा जोरात जातो. पण मला वेगापेक्षा ऑक्सफर्डमधले प्रयोग जास्त आवडतात. एमा कोहेन आणि सहकाऱ्यांनी वल्हवणाऱ्या खेळाडूंना एकदा एकेकट्याने आणि एकदा सगळ्यांनी एका लयीत वल्हवायला लावलं, मेहनत दोन्ही वेळा सारखीच, तरी एकत्र वल्हवल्यावर त्यांची वेदना सोसायची ताकद जास्त वाढलेली निघाली. दिवे घाटात टाळांच्या ठेक्यावर दिंडी चढताना बघितलीय का? सत्तरीच्या आज्या वर पोचून परत फुगडी घालतात, मला तर ते बघून या प्रयोगाचीच आठवण येते.

तिकडेच इंग्लंडमध्ये पार्करन म्हणून चालतं, दर शनिवारी सकाळी पाच किलोमीटर, फुकट. २ ऑक्टोबर २००४ ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जणांनी सुरू केलं, आज वीसहून जास्त देशांत आहे. त्यांची एक पद्धत मला आपल्याकडच्या प्रत्येक इव्हेंटमध्ये हवी आहे, सगळ्यात मागे एक स्वयंसेवक चालतो, तो ठरवून शेवटी येतो, म्हणजे बाकी कुणालाच शेवटचा नंबर मिळत नाही. त्यांची सरासरी वेळ वर्षानुवर्षं वाढत गेली म्हणजे लोक हळू झाले, आणि आयोजक त्याचा आनंद मानतात, कारण याचा अर्थ पूर्वी जे आलेच नसते ते येतायत. याच पार्करनमधल्या १४४ जणांवर २०२१ मध्ये कोहेन यांच्याच गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्या शनिवारी लोकांना आपण या ग्रुपचे आहोत असं जास्त वाटलं त्या शनिवारी त्यांना मजा जास्त आली आणि अंगात ताकद जास्त वाटली, आणि ज्या दिवशी ताकद वाटली त्या दिवशी वेळही कमी लागला.

म्हणून माझं नवीन लोकांना एक कळकळीचं सांगणं असतं की ओळखी करा, आणि ग्रुपवर रोज पडणारे दुसऱ्यांच्या टायमिंगचे स्क्रीनशॉट काही महिने बघू नका. त्यात जोरात पळणारेच टाकतात, त्यावरून आपली जागा ठरवायला गेलं तर चुकीचीच ठरणार. मोठ्या रेसला पेसर असतात, म्हणजे ठरलेल्या वेगाने पळून बाकीच्यांना सोबत नेणारे, त्यांच्या घोळक्याला आम्ही बस म्हणतो, त्यातली जी सगळ्यात हळू बस असते ना, तिच्यात बसा. सुरुवातीच्या ढोल-ताशात सगळे सुटतात तसं सुटू नका, कारण स्नायूंना ऑक्सिजन पुरवायची यंत्रणा पूर्ण चालू व्हायलाच दोन-तीन मिनिटं लागतात, त्या दोन मिनिटांत उधारीवर पळालेलं पुढे सगळ्या रस्ताभर फेडावं लागतं. मी तर सुरुवातीची पाच मिनिटं चालतेच.

हळू पळणाऱ्यांनी एका बाबतीत मात्र खरंच जपायला पाहिजे आणि याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. पाणी. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांमध्ये सोडियम हवं त्यापेक्षा कमी झालेलं होतं, काहींचं तर धोकादायक वाटावं इतकं, आणि त्यात चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणारे आणि पळताना इतकं पाणी प्यायलेले की वजन उलट वाढलं असे लोक जास्त होते. आपण रस्त्यावर जास्त वेळ असतो, प्रत्येक टेबलावर कुणीतरी प्रेमाने ग्लास पुढे करतं आणि आपण पीत जातो. तहान लागेल तेवढंच प्यायचं. आणि ऊन चढल्यावर चक्कर, मळमळ, छातीत दुखणं यातलं काहीही झालं तर थांबायचं, मेडल गेलं तरी चालेल.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळे सांगतात, ते सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही हेही त्यात दिसलं. जुलैत इथे पावसाने एखादा रविवार बुडतो तेव्हा मी हे सगळ्यांना सांगते.

गेल्या वर्षी मी साताऱ्याची हिल हाफ केली, २१ किलोमीटर, निम्मा रस्ता यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. चढताना मी चालत-पळत गेले, बरी होते. उतरताना वाटलं आता सोपं. पण उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात, त्यात त्यांच्या धाग्यांना बारीक इजा होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला जिना उतरता येत नव्हता, कठड्याला धरून आडवी उतरत होते. पण स्नायू एकदा असे दुखावले की स्वतःला दुरुस्त करताना पुढच्या वेळची तयारीही करून ठेवतात, तोच उतार काही आठवड्यांनी परत केला तर दुखणं बरंच कमी होतं, एकदाच केलेल्या मेहनतीचा हा परिणाम काही महिनेसुद्धा टिकू शकतो. म्हणून या वर्षी रेसच्या महिनाभर आधी आम्ही मागच्या घोळक्यातले सात जण सिंहगडाच्या गाडीरस्त्याने एकदा सावकाश पळत खाली उतरणार आहोत, सकाळी सहाला पायथ्याशी जमायचं, चालत वर जायचं, वर पिठलं-भाकरी खायची नाही, ती खाली आल्यावर.