ड्रेटन हॉल

ड्रेटन हॉल हे अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ ॲश्ली नदीकाठी उभे असलेले अठराव्या शतकातील विटांचे निवासस्थान आहे. जॉन ड्रेटन या मळेमालकाने ही जमीन १७३८ मध्ये विकत घेतली. त्यावरून घराचे बांधकाम १७४२ पर्यंत पुरे झाले, असे पूर्वी मानत. मात्र पोटमाळ्यातील लाकडांची वार्षिक वलये तपासली असता ती झाडे १७४७-४८ च्या हिवाळ्यात तोडल्याचे दिसून आले, आणि घर प्रत्यक्षात १७५० नंतर राहते झाले असावे, हे मत आता रूढ आहे.

इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओ याच्या शैलीचा अमेरिकेतील हा एक आरंभीचा आणि विलक्षण परिपक्व नमुना होय. जमिनीकडील दर्शनी बाजूस दुमजली द्वारमंडप असून त्याचे खालचे स्तंभ डोरिक, तर वरचे आयोनिक या प्राचीन ग्रीक पद्धतींचे आहेत. मंडपाचा अर्धा भाग भिंतीबाहेर येतो व अर्धा आत शिरतो, त्यामुळे दुपारच्या उन्हातही तेथे खोल सावली राहते. मुख्य दालनातील शेकोटीवरची लाकडी चौकट इनिगो जोन्स या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यांच्या १७२७ मधील इंग्रजी संग्रहावरून घेतली आहे. बैठकीच्या खोलीचे छत तर ओल्या गिलाव्यातच हाताने कोरलेले आहे. ड्रेटन घराण्याचे वैभव गुलामांच्या श्रमांवर उभे होते. या आफ्रिकी वंशाच्या लोकांची दफनभूमी याच आवारात आहे.

अमेरिकन यादवी युद्धात, १८६५ मध्ये, उत्तरेच्या फौजांनी मिडलटन प्लेस हे शेजारच्या मळ्यावरील घर जाळले, पण हे घर वाचले. देवीच्या साथीचे निशाण लावल्यामुळे सैनिक फिरकले नाहीत असे सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. युद्धानंतर आवारातील फॉस्फेटच्या खाणींनी कुटुंबाला तारले. घराच्या दोन बाजूंच्या जोडइमारतींपैकी धुलाईघर १८८६ च्या भूकंपात, तर स्वयंपाकघर १८९३ च्या चक्रीवादळात नष्ट झाले.

सात पिढ्यांनंतर, १९७४ मध्ये ही वास्तू नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या संस्थेकडे आली. घर ‘पूर्ववत’ न करता मिळाले तसे जपायचे, असे संस्थेने ठरविले. हा निर्णय त्या काळी धाडसीच म्हणावा लागेल, कारण जुन्या हवेल्या रंगवून, फर्निचर मांडून दाखविण्याची तेव्हा सर्वत्र रीत होती. घरात आजही नळ व विजेचे दिवे नाहीत, आणि खोल्या रिकाम्या आहेत. त्यामुळे रंगांचे थर, गिलाव्याच्या दुरुस्त्या, इतकेच नव्हे तर मुलांची उंची मोजताना दाराच्या चौकटीवर मारलेल्या खुणाही जागच्या जागी अभ्यासता येतात.