वेस्नॉथ पहिल्यांदा खेळताय? बसण्याआधी एवढं वाचा

आमच्या राजारामपुरीतल्या गेमिंग कॅफेत 'द बॅटल फॉर वेस्नॉथ' हा लढाईचा गेम उघडणारा जवळजवळ प्रत्येक नवा गडी एकच चूक करतो. असेल नसेल ते सोनं खर्चून सैन्य उभं करतो आणि सरळ शत्रूच्या किल्ल्याकडं पळत सुटतो. म्हणून हे पत्रक.

गेम २००३ पासूनचा, फुकट, साध्या कॉम्प्युटरवरही चालणारा. आळीपाळीनं खेळायचा असतो, त्यामुळं घाई नाही. कॉम्प्युटरविरुद्ध खेळत असाल तर बाहेर जाऊन चहा पिऊन या, शत्रू थांबतो.

सगळ्यात आधी वेळ बघा. सहा फेऱ्यांत एक दिवस-रात्र होते: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांच्या सैन्यातले बहुतेक शिपाई सकाळी-दुपारी २५ टक्के जास्त मारतात, रात्री तेवढंच कमी. ऑर्क (राक्षसासारखे शत्रू) आणि भुताखेतांचं नेमकं उलटं. एल्फना (रानात राहणारी टोकदार कानांची माणसं) फरक पडत नाही. पहाटे निघालेलं तुमचं सैन्य ऑर्कच्या दारात पोचतं तेव्हा बहुतेक वेळा अंधार पडलेला असतो, आणि मग जे व्हायचं ते होतं. रात्री मागं सरका, सकाळी चाल करा. मागं सरकण्यात कमीपणा नाही.

मग पायाखालची जमीन. भालाईत सपाट जागेवर असेल तर शत्रूचा वार लागायची शक्यता ६० टक्के, गावात ४०, उथळ पाण्यात ८०. गुडघाभर पाण्यात उभं राहून कुस्ती धरल्यासारखंच ते. नदी असेल तर काठावर थांबा, पाण्यात त्याला उतरू द्या. गावं आधी ताब्यात घ्या, कारण तिथून सोनं येतं आणि जखमी शिपाई दर फेरीला ८ गुणांनी बरा होतो.

पावनखिंड सांगायची गरज कोल्हापुरात नाही. इथंही पटावर शिपायाच्या लगतच्या घरात (म्हणजे षटकोनी खान्यात) शत्रू आला की त्याची चाल तिथंच संपते. म्हणून दोन शिपायांमध्ये दोन घरं रिकामी असली तरी त्या फेरीत फळी तुटत नाही. मात्र शून्य पातळीचे, म्हणजे सगळ्यात कच्चे, शिपाई असं अडवू शकत नाहीत.

तालमीत जोड बघून कुस्ती लावतात, तसंच इथं. हॉर्समन (घोडेस्वार) धावून जातो तेव्हा देतो ते दुप्पट आणि खातो तेही दुप्पट. समोर भालाईत असेल तर पहिला वार भालाइताचा, त्यामुळं हा डाव टाळाच. सांगाड्यांवर भाला जवळपास वाया जातो. तिथं गदा किंवा जादूगाराची आग चालते.

जादूगाराचा वार कुठल्याही जमिनीवर ७० टक्के वेळा लागतो. तरी तिन्ही वार हुकणं हजारात २७ वेळा घडतंच. तेव्हा कीबोर्ड आपटू नका, कीबोर्ड आमचा आहे.

आणि तुमचा सरदार मेला की डाव संपला. त्याला पुढं नाचवू नका.

शिकवायचे वेगळे पैसे घेत नाही. हरलात तर रिप्ले (खेळलेल्या डावाची नोंद) सेव्ह करून ठेवा. काउंटरवरचं कोणी मोकळं असलं की शेजारी बसून कुठं फसलं ते दाखवेल.