संवादात शब्दांचा वाटा ७ टक्केच? एक खुलासा
बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील मराठी पर्यवेक्षकांनाही नेतृत्वाचे धडे देताना सांगितले जाते की, संवादात शब्दांचा वाटा ७, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५ टक्के असतो. हा समज चुकीचा आहे आणि कारखान्यात तो धोक्याचाही ठरतो. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायला सांगितले होते, आणि हे सूत्र भावनांपुरतेच आहे, असे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. पाळी बदलताना कोणते यंत्र बंद ठेवायचे, हे हावभावांतून कळत नाही. तिथे पर्यवेक्षकाने नेमक्या शब्दांत सूचना द्यावी आणि ऐकणाऱ्याकडून ती पुन्हा वदवून घ्यावी.