आधी दात बघा, मग भाव बोला: मराठवाड्यातल्या विक्री-सादरीकरणाची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीतला छोटा कारखानदार मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागापुढे उभा राहतो, तेव्हा पहिल्या स्लाइडवर स्थापनेचं वर्ष असतं, दुसरीवर यंत्रांचे फोटो आणि तिसरीवर ग्राहकांची यादी. समोरचे साहेब तोवर मोबाइल बघायला लागलेले असतात. अशा कारखानदारांची सादरीकरणं बसवून देणं हे माझं रोजचं काम. हा साचा आपल्याकडे अगदी अलीकडे आला. त्याआधी मराठवाड्यात माल पटवून देण्याची स्वतःची रीत होती आणि ती जास्त शहाणी होती, असं माझं ठाम मत आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट येतात, लालकंधारी आणि देवणी जातींची गुरं येतात. बैल विकणारा दावं धरून उभा असतो, स्वतःहून फारसं बोलत नाही. घेणारा बैलाचा जबडा उघडतो, कारण दातांवरून वय कळतं: दोन दाती, चार दाती की जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला? मग पाठीवरून हात फिरवतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. त्याने विचारलं की विकणारा तेवढंच सांगतो. भाव ठरतो उपरण्याखाली, बोटांनी. आणि सौदा अडलाच तर एक वाक्य येतं, "आठ दिवस औताला जुपून बघा मामा, नाही चालला तर आणून बांधा." घेणाऱ्याच्या मनातली धास्ती या वाक्याने विकणारा स्वतःच्या अंगावर घेतो.

पाठ करून, टप्पे पाडून विकण्याची पद्धत अमेरिकेतून आली. जॉन पॅटरसन याने १८८४ मध्ये डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी हाती घेतली. गल्ल्याचं हे यंत्र दुकानदारांना नको होतं, कारकुनांना तर त्यात आपल्यावर चोरीचा संशय दिसायचा. १८८७ मध्ये पॅटरसनने आपल्या सर्वात यशस्वी विक्रेत्याचं, जोसेफ क्रेनचं, बोलणं शब्दशः छापून घेतलं आणि ते प्रत्येक विक्रेत्याला पाठ करायला लावलं. त्यात चार टप्पे होते: गाठ घेणं, प्रस्ताव, प्रात्यक्षिक, सौदा पक्का करणं. सुरुवातीला बोलणं दुकानदाराच्या धंद्याबद्दल चालायचं, यंत्राची पाळी नंतर. पुढे जगभरच्या प्रशिक्षणांनी हे टप्पे उचलले, पण दुकानदारापासून सुरुवात करायची हे मात्र बरेच जण विसरले.

आपल्या भागाला जास्त जवळचा धागा शेतातला आहे. १९०३ मध्ये टेक्सासच्या कापसावर बोंडात शिरणारा सोंडकिडा पडला होता. सरकारी भाषणं ऐकून शेतकरी पद्धत बदलत नव्हते. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी काम करणाऱ्या सीमन नॅप यांनी टेरेल गावाजवळ वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच रानात, त्याच्याच हातून नवी पद्धत करून घेतली. तोटा झाला तर भरून द्यायची हमी गावातल्या व्यापाऱ्यांनी घेतली होती. बघा, माळेगावचं तेच वाक्य!

मराठवाड्यात ही रीत बियाण्याबरोबर रुजली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात 'महिको' सुरू केली. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस आला. १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झालं. संकरित बी राखून पुन्हा पेरलं तर तसंच पीक येत नाही, त्यामुळे घरचं बी राखून पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला दरवर्षी महागाचं बी विकत घ्या म्हणायचं होतं. बोलून ते पटणारं नव्हतं, म्हणून प्रात्यक्षिकाचे प्लॉट आणि शिवार फेऱ्या आल्या. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर तर कंपन्यांच्या प्रतिनिधींची गावोगाव रीघच लागली.

अशीच एक फेरी मी लहानपणी पाहिली. कंपनीचा पोरगा बांधावर उभा होता. सगळ्यात जास्त शंका काढणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने सरीत बोलावलं, "आप्पा, झाड तुम्हीच निवडा आणि कैऱ्या तुम्हीच मोजा." कैऱ्या म्हणजे कापसाची कच्ची बोंडं. आप्पांनी मुद्दाम बारकं झाड धरलं. बोटांनी पानं बाजूला सारत ते मोठ्याने मोजू लागले आणि मागची माणसं एकेक करून सरीत उतरली. पोरगा गप्प उभा होता. आकडा आप्पांच्या तोंडून आला, त्यावर कोण भांडणार?

स्लाइडा त्यानंतरच्या. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी निघालं. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८५ मध्ये सुरू झाला होता. त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारी वर्कशॉप उभी राहिली. आधी नमुना, मग मोजमाप, मग ऑर्डर असा क्रम होता. लॅपटॉप आला आणि नमुना शेवटच्या स्लाइडवर फोटो होऊन बसला.

मागच्या वर्षी एका तरुण उद्योजकाची तयारी करून घेताना मी त्याला बावीस स्लाइडांच्या सहा करायला लावल्या. खोलीत शिरल्यावर त्याने लॅपटॉप बंदच ठेवला. स्वतः बनवलेला बुश, म्हणजे यंत्रात बसणारी धातूची छोटी नळी, साहेबांपुढे ठेवला, शेजारी ड्रॉइंग आणि बारीक माप घ्यायचं व्हर्निअर. म्हणाला, "सर, तुम्हीच मोजा." साहेबांनी मोबाइल बाजूला सारला, चष्मा वर केला आणि दोन ठिकाणी माप घेतलं. मग बुश उलटा करून तिसऱ्यांदा मोजला आणि विचारलं, "महिन्याला किती नग देता येतील?"